पंखा बंद झाला की बास ऐकू येतो

सोलापुरात छताचा पंखा बंद करायचा दिवस म्हणजे सणच. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेला पंखा मार्च-एप्रिल-मे तर सोडाच पण पावसाळ्यातही थांबत नाही, कारण आमच्याकडे पावसाळा म्हणजे ढग येतात, बघतात आणि पुढे जातात, मग ऑक्टोबर हीटमध्ये परत तेच, दसऱ्याला सोनं द्यायला बाहेर पडावं तर साडी पाठीला चिकटलेली. कोजागिरी होऊन जाते आणि मग कधीतरी पहाटे पाय गार पडून जाग येते, अंगावर काहीतरी ओढावंसं वाटतं (चादरींच्या गावात राहून चादर कुठे ठेवलीय ते घरात कुणालाच आठवत नाही, दरवर्षी), आणि कोणीतरी उठून पंखा बंद करतं.

तिथून पुढच्या सकाळी यंदा मी जॅझच्या रेकॉर्ड ऐकण्यात घालवल्या. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न, जॅझ म्हणजे ते मोठ्या हॉटेलात जेवताना मागे वाजतं ते का? हो, तेच, आणि माझीही अडचण हीच होती की मी ते कायम मागे वाजणारं म्हणूनच ऐकलेलं. पुढ्यात बसून ऐकायचं कसं ते शिकायला मला घरातला प्रत्येक आवाज एकेक करून बंद करावा लागला, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

रेकॉर्ड मामाच्या. मामा मुंबईत नोकरीला होता, गिरगावात राहायचा. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली, रंगभवनला, तेव्हा कुणा मित्राचा जादाचा पास होता म्हणून गेला आणि सनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकून जो वेडा झाला तो झालाच. पगारातून रेकॉर्ड घ्यायचा, मामी ओरडायची. आता गुडघ्यांनी जिने चढवेनात म्हणून दोघं पुण्याला मुलीकडे राहायला गेले, तिथे जागा नाही, म्हणून फोन आला की तू घेऊन जा नाहीतर रद्दीवाल्याला देतो. तो देणार नाही हे मला माहीत होतं आणि मी जाणार हे त्याला. सिद्धेश्वर एक्सप्रेसने खोकी आणली, सोबत त्याचा बेल्टवाला डेक (रेकॉर्ड फिरवायचं मशीन), अँप आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर. गाडीत खोकी आडवी ठेवली तर मामाचा फोन, उभ्या आहेत ना गं? मग सगळी खोकी फिरवली. रेकॉर्ड आडव्या रचल्या की खालच्यांवर वजन येऊन त्या वाकतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका, विनाइल शेवटी प्लॅस्टिकच, बंद गाडीत उन्हात राहिली तर रेकॉर्डला कायमची लाट येते. आमच्या वरच्या खोलीवर पत्रा आहे त्यामुळे ती बाद, माळाही बाद. शेवटी मधल्या अंधाऱ्या खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात, उभ्या.

डेक उघडला तर बेल्ट वितळून पुलीला चिकटला होता. रबर जुनं झालं की होतं तसं. मेडिकलमधनं स्पिरिट आणून कापसाने पुली साफ केली, हात काळे ते दोन दिवस काळेच. नवी पेठेत एक दुकान आहे, पुढे मोबाईलला ग्लास लावून देतात आणि मागे एक काका अजूनही टेप-रेडिओ घेऊन बसतात, त्यांनी दोऱ्याने माप घेऊन तीन-चार बेल्ट ताणून बघितले आणि एक दिला. म्हणाले स्पीड बघून घ्या. बघायचा कसा, तर एक गोल चकती मिळते, तिच्यावर काळ्या रेघा, आपल्याकडे वीज ५० सायकलची म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्पीडला १८० रेघा असलेलं वर्तुळ बघायचं, दिव्याच्या उजेडात त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की स्पीड बरोबर, पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो त्याच्यावर हे सगळं गणित आहे. पण घरातले सगळे दिवे आता एलईडी, त्यांच्याखाली रेघांचा नुसता करडा पट्टा दिसत होता. पॅसेजमध्ये एक जुनी चोकवाली ट्यूब राहिली होती, डेक उचलून तिच्याखाली नेला. बारका स्क्रू फिरवत फिरवत रेघा उभ्या केल्या. सासूबाई बाजूने जाताना म्हणाल्या, डॉक्टर झालीस का गं? हे स्पीडचं पुढे कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

धुण्याचं थोडक्यात सांगते. आमच्या बोअरचं पाणी बादलीत वाळलं तरी पांढरा थर सोडतं, ते रेकॉर्डवर नको, म्हणून बॅटरीवाल्याकडनं डिस्टिल्ड वॉटर. त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि मग साध्या डिस्टिल्डने परत एकदा. पुसायला आधी अर्थात टॉवेल घेतला, घरात दुसरं आहे काय, नवऱ्याचं टॉवेलचंच काम. पण टेरीचे तंतू खाचांत बसतात. टॉवेलच्या गावात चष्म्याच्या दुकानातलं मायक्रोफायबरचं फडकं विकत आणावं लागलं, नवऱ्याने ते मनाला लावून घेतलंय. आणि हो, खोक्याच्या तळाशी चार-पाच जुन्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड होत्या, त्यांना स्पिरिट-बिरिट अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते.

आता आवाज. भाचा म्हणाला अँप कशाला, वायर सरळ ब्लूटूथ स्पीकरच्या मागे खुपस. खुपसली. नुसता चिरका आवाज, झांजा तेवढ्या झणझणीत आणि खाली काहीच नाही. ह्याला कारण आहे. खालचे जाड सूर जसेच्या तसे कापले तर रेकॉर्डवरची खाच इतकी रुंद होईल की गाणी मावणार नाहीत आणि सुई उडेल, म्हणून रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबतात आणि वरचे वाढवतात, आणि ऐकताना अँपमधला फोनोचा भाग त्याच्या बरोबर उलट करून सगळं जागेवर आणतो. किती दाबायचं हे १९५० च्या दशकात ठरलं, आरआयएए म्हणतात त्याला, आणि अजून तेच चालतं. म्हणजे फोनोशिवाय ऐकलं तर बास गायबच. मामाच्या अँपला फोनोची जागा होती, तिथे लावला आणि बास आला, पण त्याच्यासोबत गूँऽऽऽ असा एक आवाजही आला.

हा गूँ घालवायला मी जेवढा वेळ दिला तेवढा पोरीच्या दहावीला दिला नसेल. डेकच्या मागे एक सुटी बारीक वायर लोंबत असते, ती अँपच्या स्क्रूला आवळायची, ते केल्यावर निम्मा गेला. उरलेला घरातल्या अर्थिंगचा, इलेक्ट्रिशियनने ते नीट करून दिलं. तरी एक गुणगुण राहिलीच आणि ती कमी-जास्त व्हायची, शेवटी कळलं की पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची आहे, रेग्युलेटर दोनवर ठेवला की जास्त आणि पाचवर ठेवला की कमी. पाचवर ठेवला की पंखाच इतका घरघरतो की काय उपयोग. म्हणजे वायरमध्येही पंखा आणि हवेतही पंखा. डबल बास, ते मोठं उभं वाद्य जे मागे उभं राहून बोटांनी छेडतात, त्याच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, आणि आपल्या विजेची गुणगुण ५० ची, १०० ची. ज्या मजल्यावर बास राहतो त्याच मजल्यावर हा सगळा गोंगाट. पंखा बंद होईपर्यंत मी जे काही जॅझ ऐकलं ते बासशिवायचं होतं, आणि मला वाटायचं की मला जॅझ आवडत नाही.

पंखा बंद झाला त्या आठवड्यात मी मामाच्या खोक्यातली पहिली रेकॉर्ड परत लावली. काइंड ऑफ ब्लू, माइल्स डेव्हिसची, १९५९ ची. जॅझ न ऐकणाऱ्याच्या घरातही ही असते म्हणतात. पहिलं सो व्हॉट. सुरुवातीला पियानो आणि बास दोघंच काहीतरी हळू आवाजात बोलतात, ताल नाही काही नाही, आणि मग बास एकटाच एक ओळ वाजवतो आणि त्याला मागनं बाकीचे दोनच सूर देऊन उत्तर देतात, परत बासची ओळ, परत ते दोन सूर. भजनात बुवा ओळ सोडतात आणि टाळकरी उचलतात तसं. फक्त इथले बुवा म्हणजे बास. सहसा जो मागे उभा असतो त्याच्याकडे मुखडा दिलाय आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले, ज्यांची नावं कव्हरवर मोठी, ते मागे झिलकरी. आणि मी उन्हाळाभर हे गाणं लावून काय ऐकत होते तर नुसते ते दोन सूर, टाऽडा, टाऽडा, थांबून थांबून. उत्तरं ऐकू येत होती, प्रश्न पंख्याखाली गेला होता.

पॉल चेंबर्स त्या बासवाल्याचं नाव, तेव्हा वय जेमतेम २३-२४. त्या दिवसापासून मी एक नियम केला, सोलो, म्हणजे एकट्याचं वाजवणं, कोण घेतोय तिकडे बघायचंच नाही, बासचं बोट धरायचं. दुसऱ्यांदा तेच गाणं लावलं तेव्हा कळलं की मध्ये कुठेतरी जमीनच हलते. हे गाणं ३२ मात्रांच्या नव्हे, ३२ बारांच्या (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) चक्रात फिरतं, आधीचे १६ एका पट्टीत, मग ८ बार सगळंच्या सगळं अर्ध्या सुराने वर आणि शेवटचे ८ परत खाली. सूर आपल्या काफी थाटाचेच, गंधार-निषाद कोमल, त्यामुळे कानाला परकं काही नाही, पण षड्ज उचलून अर्धा सूर वर ठेवायचा आणि परत खाली आणायचा हे आपल्याकडे कुणी केलं तर तंबोरेवाला उठून जाईल. वरच्या मजल्यावर सोलोवाला काय वाटेल ते करत असतो, पण बास सरकला की आपल्याला पोटात कळतं, आलं वरचं, आता उतरणार. एकदा हे चक्र अंगात बसलं की सोलोही समजायला लागतात, कारण आता तो माणूस कुठे उभा राहून बोलतोय ते आपल्याला माहीत असतं.

सकाळची वेळ मिळवणं हे वेगळंच प्रकरण. आम्ही पूर्व भागात राहतो, मागच्या गल्लीत यंत्रमागाचा कारखाना, त्याची खटखट जन्मापासून कानात इतकी बसलीय की बंद पडली तर जाग येते. शिवाय पाण्याचा दिवस. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या सकाळी येतं त्या सकाळी गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटारी, पाईप, बादल्या आणि भांडणं एकदम सुरू होतात. त्या दिवशी बेटोव्हेन स्वतः आला तरी त्याला टाकी भरायला लावतील. म्हणून पाण्याचा दिवस सोडून, सासूबाईंची पूजा झाल्यावर आणि पोरगी उठायच्या आधी, चहाचा कप घेऊन एक बाजू. एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते, ती संपली की उठून उलटावी लागते किंवा डबा करायला जावं लागतं, बहुतेक वेळा दुसरं. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे भाऊबीज होऊन गेल्यावरचे, फटाके संपलेले, कामगार गावाला गेलेले, कारखाना अजून उघडलेला नाही.

त्याच दिवसांत मास्तर यायला लागले. आमच्या दोन घरं पलीकडे राहतात, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, वडीलही बँडमध्येच होते. घरी तेलुगू, बाहेर आमचं सोलापुरी मराठी. दसऱ्याची मिरवणूक झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत बँडवाल्याला काम नसतं. एका सकाळी दारात उभे, काय लावलालाव ओ ताई सकाळी सकाळी? मी म्हटलं या बसा. चपला काढून दारातच बसले, आत खुर्चीवर काही येईनात. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं चालू होतं, ब्लू इन ग्रीन, फार हळू, त्यात माइल्सचा ट्रम्पेट लांबून कुजबुजल्यासारखा येतो. मास्तरांनी दोन फुंकांत सांगितलं, ह्यानं तोंडाला बूच लावलंय. म्यूट म्हणतात त्याला, ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचा धातूचा डबा. मग म्हणाले असं बूच आमच्या वडिलांकडे होतं, अलबेलाची गाणी वाजवायला. आणि ते बरोबरच निघालं, १९५१ च्या अलबेलाला संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या चितळकरांचं, आणि त्यांच्याकडे ट्रम्पेटला होता गोव्याचा चिक चॉकलेट, ज्याला मुंबईत हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९३५ पासून मुंबईच्या ताज हॉटेलात अमेरिकेहून आलेले काळे वादक जॅझ वाजवायचे, त्यांचं ऐकून आणि त्यांच्यासोबत वाजवून गोव्याची पोरं तयार झाली, रात्री हॉटेलात आणि दिवसा फिल्मच्या स्टुडिओत. तिथनं ते आपल्या वरातीत आलं. मास्तर म्हणजे जॅझचे दूरचे नातेवाईकच निघाले, त्यांना तेव्हा माहीत नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेटची पेटी घेऊन आले. सो व्हॉट लावायला सांगितलं, सा शोधला आणि सोबत एक लांब सूर धरला. लागेना. त्यांचा सूर खाली आणि रेकॉर्डचा किंचित वर, दोन्ही मिळून कानात नुसती थरथर. म्हणाले थंडी हाय, वाद्य गार पडलं की उतरतं. पाच मिनिटं नुसती गरम फुंकर मारली, परत धरला. नाही. मग क्लॅरिनेटच्या तोंडाकडचा जो छोटा जोड असतो तो दाबून बघितला, तो आत गेला की सूर चढतो, पण तो आधीच पूर्ण आत होता, आता चढायला जागाच नाही. मास्तर माझ्याकडे बघायला लागले, ताई, तुमची मशीन पळलालीय.

मी सरळ डेक उचलून पॅसेजमध्ये, ट्यूबखाली. रेघा ठाम उभ्या. मास्तरांना दाखवल्या, त्यांनी वाकून बघितल्या पण त्यांचा काही रेघांवर विश्वास नाही, कानावर आहे. मग मी रेकॉर्ड उलटली, म्हटलं ह्या बाजूला धरून बघा. ऑल ब्लूज. धरला आणि चक्क लागला, उलट वाद्य गरम झाल्यामुळे त्यांना जोड केसभर बाहेर ओढावा लागला. परत पहिली बाजू, परत थरथर. एकच रेकॉर्ड, एकच मशीन, एका बाजूला पळते आणि दुसऱ्या बाजूला चालते असं कसं होईल?

मशीन आमची नव्हेच, न्यूयॉर्कची. ही रेकॉर्ड दोन वेळा बसून झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ ला, कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मार्चमधली, आणि त्या दिवशी ज्या टेपवरून पुढे रेकॉर्ड बनली तिचं मशीन जरासं हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेला आवाज बरोबर स्पीडला वाजवला की तो चढा येतो, साधारण पाव सुराने. एप्रिलमध्ये हा घोळ नव्हता म्हणून दुसरी बाजू बरोबर. त्या दिवशी जोडीला दुसरं मशीनही चालू होतं, त्याची टेप योग्य स्पीडची होती, तिच्यावरून १९९० नंतरच्या दशकात दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. म्हणजे तीसेक वर्षं जगभरातल्या लोकांनी, ज्यात मोठमोठे वादक आले, पहिली बाजू चढ्या सुरात ऐकली, आणि कितीतरी लोक तिच्यासोबत वाजवायला बसून आपलंच वाद्य पिळत राहिले असतील. मोबाईलवरचं नवं सो व्हॉट लावून दिलं तर मास्तरांचा सूर पहिल्या झटक्यात बसला. काही बोलले नाहीत, पेटी बंद केली आणि चहा मागितला, तोपर्यंत त्यांनी माझ्याकडे कधी चहा घेतला नव्हता.

मामाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला मला ती बाजू नेहमीच जरा घाईची वाटायची, पण मी म्हटलं असेल, न्यूयॉर्कची माणसं.

ह्या सगळ्यात माझं स्वतःचं आवडतं गाणं मात्र दुसऱ्या बाजूचं निघालं, ऑल ब्लूज, आणि ते शोधलं सासूबाईंनी. शेंगा फोडत बसल्या होत्या चटणीसाठी, आणि मला दिसलं की फोडताना बोटं ठेक्यात चाललीत. म्हणाल्या हे दादऱ्यात आहे की. सहा मात्रांचं आहे खरं. सासूबाई भजनी मंडळात आहेत, त्यांना बास-बिस सांगावं लागत नाही, त्यांनी आपोआप खालचाच ठेका धरला होता, बास तिथे एकच छोटी घडी परत परत घालत राहतो. उलट टेक फाइव्ह लावलं तर त्यांना अजिबात पटलं नाही. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं, तेही १९५९ चंच, पाच मात्रांचं, लिहिलंय त्यांच्या सॅक्सोफोनवाल्याने, पॉल डेस्मंडने. मला वाटलेलं झपतालाची सवय असलेल्या बाईला पाच मात्रा सोप्या जातील. पण झपताल दोन-तीन, दोन-तीन असा चालतो आणि हे तीन-दोन. सासूबाईंचं म्हणणं, उलटं चाललंय, पाय अडकतो. हीच मंडळी १९५८ ला अमेरिकन सरकारतर्फे भारतात येऊन वाजवून गेली होती, ड्रमवाला जो मोरेलो मद्रासला मृदंगमवाल्यासोबत बसला होता, त्यामुळे इकडचे हिशेब त्यांच्या कानावरून गेले होते एवढं नक्की. सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मग झपताल नीट ऐकला नाही त्यांनी.

कोल्ट्रेन, त्याच रेकॉर्डवरचा सॅक्सोफोनवाला, अजून माझ्या आवाक्यात नाही, खरं सांगते. सो व्हॉटमध्ये तो दुसरा येतो तेव्हा मी बासला घट्ट धरून बसते आणि तो वादळासारखा वरून निघून जातो. मास्तरांना मात्र तोच हवा असायचा. त्यांचा प्रश्न एकच, हा माणूस श्वास कुठं घेतो? तेवढ्यासाठी सुई परत परत मागे न्यायला लावायचे, जे मी करत नाही, सुई मध्येच टेकवली की चरा पडायची भीती, पण त्यांच्यासाठी केलं. दोन-तीन जागा त्यांनी शोधल्या, बोट वर करून दाखवायचे, हां, घेतला. मला त्या जागा अजून ऐकू येत नाहीत.

तुळशीची लग्नं लागली आणि मास्तर गेले, आता त्यांच्या तारखा फेब्रुवारीपर्यंत लागलेल्या. रात्री उशिरा वरातीहून येतात, सकाळी झोपलेले असतात, आणि मागचा कारखानाही सुरू झाला. मी आवाज थोडा वाढवून ऐकते. सध्या खोक्यातली चार्ल्स मिंगसची रेकॉर्ड चालू आहे, मिंगस आह अम, परत १९५९ चीच, काय वर्ष होतं ते. हा माणूस स्वतःच बासवाला आणि स्वतःच बँडचा मालक, त्यामुळे बास शोधत बसावं लागत नाही, तोच सगळ्यांना हाकत असतो, मागमागून ओरडतोही. एक गाणं लेस्टर यंग नावाच्या सॅक्सोफोनवाल्यासाठी केलेलं आहे, तो त्याच वर्षी मार्चमध्ये गेला, ते गाणं लागलं की नवरा टॉवेलच्या बिलांवरून मान वर करून ऐकतो, बाकी कशाला करत नाही. मामाने विचारलंय ड्यूक एलिंग्टन कधी लावणार. आधी सुई बदलायला हवी, स-श-चे उच्चार फाटायला लागलेत, नवी पेठेतल्या काकांना फोटो पाठवलाय, ते म्हणाले मुंबईहून मागवतो, गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, आत आली तर बरं.